हौशी मोटार-शर्यती आणि वर्गवारीचे नियम

बैलगाड्यांच्या शर्यतींत बैल उतरवितांना पहिली परीक्षा त्याच्या दांतांची होते. ज्या खोंडाचे दुधाचे दांत अजून पडलेले नाहींत तो आदत. दोन दांत आले कीं दुस्सा. चार आले कीं चौसा. आदत खोंडाला चौशाशीं पळविण्यांत कोणाचीच शोभा नाहीं, हें खेड्यांतील पोरालाही कळतें. तालमींतही तसेंच. आखाड्याच्या कडेला बसलेला जाणता वस्ताद दोन पोरांच्या खांद्यांकडे व मांड्यांकडे एकवार पाहतो आणि जोड लावून देतो. स्पर्धा म्हटली कीं वर्गवारी आली, आणि तिच्यामागचा हेतूही सर्वत्र एकच असतो: जिंकणाराचें कौतुक व्हावें, पण हरणारालाही आपण उगाच उतरलों असें वाटूं नये.

मोटारींच्या शर्यतींत मात्र हा साधा प्रश्न गेलीं सव्वाशें वर्षें सुटतां सुटत नाहीं. कारण उघड आहे. तोंडांत दांत किती असावेत हें बैल ठरवीत नाहीं. उलट मोटारीचें इंजिन केवढें, वजन किती, चाकें कशीं, हें सारें मनुष्य ठरवितो, आणि तें नियमांचें पुस्तक हातांत घेऊन ठरवितो. जेथें मोठमोठे कारखाने एकमेकांशीं झुंजतात तेथील नियमांची चिंता करणारे पुष्कळ आहेत. परंतु जेथें कारकून, शिक्षक, डॉक्टर, कारागीर अशीं साधीं माणसें रविवारीं आपापली गाडी घेऊन येतात आणि एखादा चांदीचा पेला मिळाला तरी धन्य मानतात, त्या हौशी शर्यतींत वर्गवारीचा एक शब्द बदलला तर कोणाची तरी दोन वर्षांची मेहनत वायां जाते. आणि हा शब्द बहुधा दरवर्षीं बदलतो.

पहिला धडा मोठ्या शर्यतींनींच घालून दिला. गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती १९०० सालीं सुरू झाल्या. १९०२ सालीं मोटारीचें वजन १,००० किलोग्रॅमहून अधिक असूं नये, हा नियम अंमलांत आला. वजन बांधलें म्हणजे इंजिनें आपोआप लहान होतील व वेगाला आळा बसेल, अशी अपेक्षा होती. झालें उलटेंच. कारखानदारांनीं इंजिन लहान केलें नाहीं. इंजिनाखालचा सांगाडा हलका केला. पोलादी पट्ट्यांना भोकें पाडून पाडून त्यांची चाळणी केली, आणि वांचलेल्या वजनांत आणखी मोठें इंजिन बसविलें. १९०३ च्या मे महिन्यांत पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत बोर्दो येथेंच थांबवावी लागली, कारण वाटेंत अनेकांचे प्राण गेले; मार्सेल रेनो हा त्यांपैकींच एक. रस्त्यावरची गर्दी, धूळ आणि बेबंद व्यवस्था हीं त्या अनर्थाचीं मुख्य कारणें खरीं. पण दुबळ्या सांगाड्यावर लादलेलीं राक्षसी इंजिनें हेंही त्यांतलें एक होतेंच.

पुढें लहान मोटारींच्या शर्यतींत सिलिंडरचा व्यास बांधून देण्यांत आला. सिलिंडर म्हणजे ज्या नळकांड्यांत दट्ट्या खालीं-वर धांवतो तें. व्यास बांधला, उंची तशीच मोकळी राहिली. तेव्हां नळकांडें उंच होत गेलें. १९१० च्या लायन-प्यूजो मोटारींत व्यास ८० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव २८० मिलिमीटर असा प्रकार झाला. इंजिन असें ताडमाड वाढलें कीं चालकाला त्याच्या बाजूनें मान काढून रस्ता पाहावा लागे. दुसऱ्याच वर्षीं नियम बदलून एकूण घनफळावर मर्यादा आली. क्षेत्रफळ व घनफळ यांतला भेद मुलांना शिकवावयाचा असेल तर याहून चांगलें उदाहरण शोधून सांपडणार नाहीं.

हे खेळ श्रीमंत कारखान्यांचे. हौशी माणसाचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला तो इंग्लंडांत, आणि तोही एका इवल्याशा गाडीमुळें. हर्बर्ट ऑस्टिन यानें १९२२ सालीं 'ऑस्टिन सेव्हन' ही गाडी बाजारांत आणली. आपल्याकडील शहरांतल्या जुन्या पिढीला ती 'बेबी ऑस्टिन' या लाडक्या नांवानें परिचित होती. चार सिलिंडरांचें, अवघें ७४७ घन सेंटिमीटर घनफळाचें तिचें इंजिन. किंमत मध्यमवर्गाच्या आवांक्यांतली. यंत्र इतकें सुटसुटीत कीं घरधन्यानें अंगणांत बसून तें उघडावें व पुन्हां जोडावें. १९३९ पर्यंत अशा सुमारें २ लाख ९० हजार गाड्या तयार झाल्या. त्याच १९३९ सालीं, युद्धाच्या तोंडावर, या गाडीच्या भक्तांनीं एक मंडळ काढलें आणि इंजिनाच्या घनफळावरून त्याचें नांव '७५० क्लब' असें ठेवलें. 'मोटर स्पोर्ट' मासिकाचा संपादक बिल बॉडी हा त्याच्या संस्थापकांपैकीं एक. पुढें हॉलंड बर्केट नांवाच्या एका पशुवैद्यानें या मंडळाचा भार वाहिला. गुरांचीं दुखणीं पाहून उरलेला वेळ हा गृहस्थ जुन्या ऑस्टिनांना देई.

युद्ध संपलें तेव्हां इंग्लंडांत पेट्रोल मोजून मिळत होतें आणि नवी गाडी मिळणें दुरापास्त होतें. जुन्या बेबी ऑस्टिन मात्र भंगाराच्या आवारांत कवडीमोलानें पडून होत्या. ही अडचण हीच संधि मानून क्लबानें १९५० च्या सुमारास एक शर्यत-वर्ग सुरू केला. त्याचें सूत्र साधें होतें: सांगाडा ऑस्टिन सेव्हनचा, इंजिन ऑस्टिन सेव्हनचें, त्यावर अंग कसें चढवावें तें ज्याचें त्यानें ठरवावें. ज्याच्या हातांत कला आहे पण खिशांत पैसा नाहीं, अशा माणसासाठीं हा वर्ग होता. वर्गवारीची ही एक नवीच तऱ्हा म्हटली पाहिजे. वजन मोजावयाचें नाहीं, व्यास मोजावयाचा नाहीं. शिजविण्यास एकच शिधा द्यावयाचा आणि ज्याच्या हाताला चव आहे त्याला पुढें जाऊं द्यावयाचें.

१९५१ सालीं या पंगतींत कॉलिन चॅपमन नांवाचा एक तरुण येऊन बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यानें स्थापत्याचें शिक्षण घेतलें होतें. ॲलन बंधूंच्या घरच्या गॅरेजांत त्या मित्रांच्या साह्यानें त्यानें एक गाडी बांधली व तिला 'लोटस मार्क थ्री' असें नांव दिलें. या गाडीची गंमत समजण्यासाठीं ऑस्टिनच्या इंजिनाच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे. त्यांत सिलिंडर चार, पण हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येण्याच्या वाटा दोनच. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरची मिळून एक, तिसऱ्या-चौथ्याची मिळून एक. जणूं चाळींतल्या दोन बिऱ्हाडांना मिळून एक नळ. त्यांतून सिलिंडर पेटण्याचा क्रम १, ३, ४, २ असा. म्हणजे एका वाटेवरचे दोन शेजारी लागोपाठच मिश्रण ओढूं लागतात. एकाचें ओढणें पुरतें संपत नाहीं तोंच दुसऱ्याचें सुरू होतें, आणि ओढाताणींत कोणाला तरी उपाशी राहावें लागतें. कारखान्यानें हा दोष जाणूनबुजून पत्करला होता, कारण घरगुती गाडीला तेवढें पुरे होतें.

चॅपमननें त्या दोन वाटांच्या आंत पडदी घालून प्रत्येकीचे दोन भाग केले. चार बिऱ्हाडांना चार नळ झाले. इंजिन ऑस्टिनचेंच, बाहेरून पाहणाराला कांहींच नवल दिसूं नये. पण गाडी अशी धांवूं लागली कीं त्या वर्गांत तिच्या बरोबरीची दुसरी उरली नाहीं. नियमाचें पुस्तक उलटून पाहिलें तर वाटेच्या आंत पडदी घालूं नये असें त्यांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें. लिहिणाराच्या मनांत तें आलेंच नव्हतें, तर तो लिहिणार कसा?

क्लबापुढें आतां दोन मार्ग होते. पडदी सर्वांनाच मोकळी करावी, म्हणजे सर्वांचीं इंजिनें सारखीं होतील. किंवा ती सर्वांनाच मना करावी. पहिला मार्ग वरवर उदार दिसतो. परंतु अशी पडदी बसविणें हें कौशल्याचें काम; ज्याला तें स्वतः साधत नाहीं त्याला पैसे मोजून करवून घ्यावें लागेल, आणि जो तेंही करूं शकत नाहीं तो घरीं बसेल. म्हणजे कवडीमोल भंगारावर उभा केलेला वर्ग हळूहळू पैसेवाल्यांचा होईल. क्लबानें दुसरा मार्ग धरला व वाटा विभागण्यास बंदी केली. पुष्कळ मोटारभक्त अद्याप या निर्णयाला अरसिक म्हणतात. प्रतिभेला शिक्षा झाली असें त्यांचें म्हणणें. हें म्हणणें ऐकावयास गोड असलें तरी एकांगी आहे. प्रतिभेचें कांहींच बिघडलें नाहीं. चॅपमननें १ जानेवारी १९५२ रोजीं आपली लोटस कंपनी स्थापन केली, आणि १९६३ सालीं त्याच्या गाड्यांनीं जिम क्लार्कच्या हातून जगज्जेतेपद मिळविलें. बंदी नसती तर ज्यांचें बिघडलें असतें त्यांचीं नांवें कोणत्याच इतिहासांत नाहींत. शर्यत झाल्यावर त्याच गाडींतून घरीं जाऊन सोमवारीं कामावर हजर होणारे ते लोक होते.

मात्र बंदीची किंमतही पडते, आणि ती पुस्तकाच्या जाडींत दिसते. प्रत्येक युक्तीमागें एक वाक्य वाढतें. प्रत्येक वाक्य नवी फट दाखवितें. शिवाय एकाच शिध्यावर चालणाऱ्या वर्गाला दुसरें एक भय असतें: शिधा संपण्याचें. भंगारांतल्या ऑस्टिन कमी होत गेल्या, जुन्या वस्तूंच्या शौकिनांनीं त्यांची किंमत वाढविली, आणि स्वस्त म्हणून निवडलेलें इंजिनच महाग झालें. तेव्हां क्लबाला रिलायंट या तीनचाकी गाड्या बनविणाऱ्या कारखान्याचें ॲल्युमिनियमचें इंजिन पत्करावें लागलें, आणि पुढें तेंही दुर्मिळ झाल्यावर फियाटचें. यांतला एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. रिलायंटच्या आरंभींच्या गाड्या ऑस्टिन सेव्हनच्याच इंजिनावर चालत, आणि ऑस्टिननें तें बंद केल्यावर रिलायंटनें तशाच धर्तीचें स्वतःचें इंजिन बनविलें होतें. म्हणजे घराणें फारसें बदललें नाहीं. याच क्लबानें १९५३ सालीं फोर्डच्या १,१७२ घन सेंटिमीटरच्या साध्या इंजिनावर दुसरा वर्ग काढला. त्या वर्गांत एरिक ब्रॉडली हा तरुण चमकला व त्यानें पुढें 'लोला' या नांवानें शर्यतीच्या गाड्यांचा कारखाना काढला. गरिबांच्या शाळेंतून इतके नामांकित विद्यार्थी बाहेर पडावेत, ही शाळेची थोरवी.

इंग्लंडच्या छोट्या गाड्या युद्धानंतर समुद्रापलीकडे गेल्या आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्नही अमेरिकेंत पोंचला. 'एम. जी. टी. सी.' ही १,२५० घन सेंटिमीटरची दोन आसनी उघडी गाडी अमेरिकन तरुणांना फार आवडली. तिचें चाक उजव्या बाजूला, म्हणजे तेथील रस्त्यांच्या दृष्टीनें भलत्याच बाजूला; पण प्रेमाला त्याची अडचण वाटली नाहीं. १९४४ सालीं बोस्टन येथें 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' हें मंडळ स्थापन झालें होतें. १९४८ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क संस्थानांतील वॉटकिन्स ग्लेन गांवच्या रस्त्यांवर शर्यत झाली आणि मंडळाच्या कार्याला नवें वळण लागलें. १९५२ सालीं त्याच गांवांत एका लहान मुलाचा अपघातीं अंत झाला, तेव्हांपासून गांवच्या रस्त्यांवरून शर्यती उठल्या व विमानतळांवर, आणि पुढें खास बांधलेल्या मार्गांवर गेल्या. हें मंडळ हौशीपणाविषयीं कमालीचें सोवळें होतें. बक्षिसाचा पैसा घेणें म्हणजे बाटणें. हें सोवळें १९६२ सालीं सुटलें. तोंपर्यंत पैशासाठीं धांवणाराला मंडळांत स्थान नव्हतें.

मंडळानें प्रथम युरोपांत रूढ असलेली अक्षरांची वर्गवारी उचलली. ५०० ते ७५० घन सेंटिमीटरचा वर्ग एच, ७५० ते १,१०० चा जी, १,१०० ते १,५०० चा एफ, १,५०० ते २,००० चा ई, असें करीत ८,००० च्या वरचा ए. वहीवर पाहिलें तर यासारखी निर्मळ व्यवस्था नाहीं. घनफळ मोजतां येतें, त्यांत मतभेद नाहीं, वशिला नाहीं. पण घनफळ म्हणजे वेग नव्हे. १,२५० ची एम. जी. आणि १,५०० ची पोर्शे या दोन्ही एकाच एफ वर्गांत पडत. एकीचा आकार जुन्या टांग्यासारखा ताठ, पुढचे दिवे आणि चिखल-पंखे वाऱ्याला अडविणारे. दुसरी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. एम. जी. वाल्यानें कितीही जीव टाकला तरी पोर्शेच्या मागच्या दिव्यांचें दर्शन घेण्यापलीकडे त्याच्या नशिबीं कांहीं नसे. नियम कांटेकोर होता, न्याय्य नव्हता.

म्हणून १९६० च्या सुमारास मंडळानें विकावयाच्या नेहमीच्या गाड्यांपुरती मोजपट्टी बाजूला ठेवली आणि गाडी प्रत्यक्षांत किती धांवते तें पाहून तिचा वर्ग ठरविण्यास आरंभ केला. अक्षरें जुनींच राहिलीं, अर्थ बदलला. तालमींतल्या वस्तादाची नजर आतां समितीला आली. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यती ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाहीं. जिंकत आलेल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन चढविण्याची चाल तेथें फार जुनी आहे.

परंतु नजरेचा न्याय मोजपट्टीच्या न्यायाहून अधिक रोष ओढवून घेतो. 'ए. सी. ब्रिस्टल' या इंग्रजी गाडीची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. दोन लिटरांच्या आंतलें सहा सिलिंडरांचें इंजिन असलेली ही देखणी गाडी ई वर्गांत असतांना इतकी जिंकली कीं तिला डी वर्गांत चढविण्यांत आलें. तेथेंही ती जिंकली. मग तिला सी वर्गांत नेलें. तेथेंही तिनें हार खाल्ली नाहीं. ही कथा गाडीच्या गौरवासाठीं सांगितली जाते आणि तो गौरव यथार्थच आहे. पण जिंकणाऱ्या दोन-तीन निष्णात चालकांमागें त्याच जातीची गाडी घेऊन पांचवा-सहावा येणारा जो सभासद होता, त्याचें काय झालें? ई वर्गांत तो कधींमधीं तिसऱ्या क्रमांकावर येई व त्या आनंदावर पुढचा महिना काढी. दुसऱ्याच्या पराक्रमामुळें त्याची गाडी वरच्या वर्गांत चढली आणि तो मात्र होता तेथेंच राहिला. वर्ग बदलतो तो गाडीचा. वेग असतो तो गाडीचा आणि चालकाचा मिळून. हे दोन वेगळे काढण्याचें यंत्र अजून निघालेलें नाहीं. त्यांतून दुसरेंही एक पाप उपजतें: पुढच्या वर्षीं वरच्या वर्गांत ढकलले जाऊं नये म्हणून कांहीं चतुर चालक मुद्दाम हात राखून धांवतात, आणि समितीला खोटी परीक्षा वाचून खरे गुण द्यावे लागतात.

या वादांतून सुटण्यासाठीं मंडळानें अगदीं उलट टोकाचाही प्रयोग केला. १९८४ सालीं 'स्पोर्ट्स रेनो' नांवाची एकसारख्या गाड्यांची जात निघाली. गाडी एकच, इंजिन एकच, आणि त्या इंजिनावर लाखेच्या मोहोरेसारखें सील. उघडलें कीं बाद. हा वर्ग फार भरभराटला व पुढें इंजिनें बदलूनही टिकला, यावरून लोकांना समतेची केवढी भूक होती तें कळतें. पण त्यांत आपली स्वतःची, घरच्या वापरांतली गाडी घेऊन उतरण्याचें सुख नाहीं. ज्याला तें सुख हवें त्याला पुस्तकाकडेच परतावें लागतें.

तें सुख ज्यांत सर्वांत अधिक आहे तो खेळ म्हणजे याच मंडळाचा 'सोलो'. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ सालीं झाली. मोठें मोकळें वाहनतळ किंवा जुना विमानतळ घ्यावयाचा, रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आंखावयाची, आणि एका वेळीं एकाच गाडीनें घड्याळाशीं धांवावयाचें. शंकू पडला कीं दोन सेकंदांचा दंड. वेग बेताचा, धोका थोडा. म्हणून गृहस्थ लोक बायकामुलांसह येतात, आणि पुष्कळदां पति-पत्नी एकाच गाडींतून पाळीपाळीनें धांवतात. मूळ स्थितींतल्या गाड्यांचा एक गट, थोड्या फेरफाराचा दुसरा, बऱ्याच फेरफाराचा तिसरा, असें करीत अखेरीस केवळ शर्यतीसाठीं बांधलेल्या यंत्रांपर्यंत गट चढत जातात, आणि प्रत्येक गटांत पुन्हां अनेक वर्ग. नियमावलीचें मुख्य सूत्र असें कीं ज्याची स्पष्ट परवानगी नाहीं तें निषिद्ध. ७५० क्लबाच्या भोळ्या आरंभापासून हें किती दूरचें अंतर! तेथें जें मना नव्हतें तें मोकळें मानलें गेलें. येथें जें लिहिलेलें नाहीं तें बंद.

हें पुस्तक दरवर्षीं नव्यानें निघतें. सभासद पत्रें लिहितात: अमुक गाडी अमुक वर्गांत अजिंक्य झाली आहे, तिला वर हलवा, तमुक गाडी कोणी आणीतच नाहीं, तिला खालीं घ्या. समिति सूचना छापते, उलटसुलट मतें मागविते, आणि ठरलेले बदल १ जानेवारीपासून लागू होतात. निरनिराळ्या वर्गांतल्या गाड्यांची तुलना करतां यावी म्हणून प्रत्येक वर्गाच्या वेळेला गुणावयाचा एक दशांश अपूर्णांक असतो. तोही गेल्या वर्षाचे निकाल पाहून बदलतो. समितीचे लोकही स्वतः खेळणारेच असल्यानें त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप होण्यास फारसा वेळ लागत नाहीं. तरी त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे. गाडी हलवावी तर ती ज्यांनीं कालच विकत घेतली ते दुखावतात. न हलवावी तर त्या वर्गांतले बाकीचे एकेक करून यावयाचे बंद होतात, आणि एके दिवशीं वर्गांत ती एकच गाडी उरते. पहिले तक्रार करतात म्हणून त्यांचें दुःख दिसतें. दुसरे मुकाट्यानें निघून जातात. हौशी खेळाची खरी हानि या दुसऱ्यांमुळें होते, आणि ज्या समित्यांनीं हें ओळखलें त्यांचेच वर्ग भरलेले राहिले.

टायरांचा झगडा हा या पद्धतीचा आरसाच होय. मूळ स्थितींतल्या गाड्यांच्या गटांत पूर्वीं इतके मऊ टायर चालत कीं ते डांबराला चिकटून धरीत व थोड्याशा फेऱ्यांतच संपून जात. गाडी घरची, पण टायरांचा खर्च राजाचा. २०१४ सालीं मंडळानें हा गटच नव्यानें रचला व टायरांच्या झिजेच्या अंकावर किमान मर्यादा घातली. पुढें ती २०० वर ठरली. अमेरिकेंत टायरवर असा अंक छापावा लागतो. अंक जितका मोठा तितका टायर अधिक टिकाऊ असें समजावयाचें. परंतु हा अंक टायर बनविणारा कारखाना स्वतःच्या परीक्षेवरून स्वतःच ठरवितो. मग काय व्हावयाचें तें झालें. शक्य तितके मऊ आणि तरीही बाजूवर २०० छापलेले टायर बाजारांत येऊं लागले. लायन-प्यूजोच्या उंच सिलिंडरचाच हा रबरी अवतार. त्यावर मंडळानें खांचांची खोली, बाजारांतली उपलब्धता अशा आणखी अटी घातल्या, आणि कांहीं टायर नांवानिशीं वगळले. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे: हे टायर घालून सभासद घरीं जाऊं शकतो व दुसऱ्या दिवशीं कामावरही जाऊं शकतो. नियम फसला, पण पुरता फसला नाहीं.

मंडळाच्या वर्तुळ-मार्गांवरील शर्यतींत माझ्दा कंपनीच्या 'मियाटा' या छोट्या उघड्या गाडीचा वर्ग फार लोकप्रिय आहे. गाडीची जात एकच असली तरी ती निरनिराळ्या सालांची, १.६ आणि १.८ लिटर अशा दोन इंजिनांची असल्यामुळें कोणाला वजन वाढवून, कोणाच्या श्वासनळींत भोकाची चकती बसवून सर्वांना एका रेषेवर आणण्याची खटपट चालते, आणि तीं वजनें व त्या चकत्या वेळोवेळीं बदलतात. २०१४ सालीं कॅलिफोर्नियांत लागुना सेका येथें राष्ट्रीय अंतिम शर्यत झाली. ती संपल्यावर पुढच्या क्रमांकांच्या गाड्यांचीं इंजिनें तपासणीच्या छपरांत उघडण्यांत आलीं. सिलिंडरांच्या माथ्यांतील वाटांना, म्हणजे मिश्रण जेथून आंत शिरतें त्या वळणांना, नियमापलीकडचा हात लागलेला आढळला, आणि आघाडीच्या अनेक गाड्या बाद ठरल्या. चॅपमनच्या पडदीपासून ६३ वर्षें लोटलीं होतीं. वाद पुन्हां त्याच वाटेवर येऊन उभा होता. बाद झालेल्यांपैकीं कांहींचें म्हणणें असें पडलें कीं असें काम सर्रास चालतें, आणि इंजिन त्यांनीं स्वतः बांधलें नसून नामांकित कारागिरांकडून विकत आणलें होतें. त्यानंतर त्या वळणाचा आकार, तेथें चालणारें हत्यार आणि त्याची मर्यादा हीं नियमांत पूर्वींहून बारकाईनें लिहिलीं गेलीं, आणि ज्यांचीं इंजिनें नव्या शब्दांत बसत नव्हतीं त्यांनीं तीं हिवाळ्यांत पुन्हां उघडलीं.